तीन जिने

नऊ वर्षांच्या शमिकाचे गुडघे सकाळी आखडलेले असायचे, म्हणून अवधूत लेकीला रोज उचलून तीन जिने उतरवायचा. काल जयनगरला हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय सध्या छान आहे. पण मुलांचा संधिवात वर्षानुवर्षं राहिला, की पुढे हृदयाचाही धोका वाढतो. औषधं चालू ठेवा आणि तिला चालती-फिरती ठेवा." आज शमिकाने नेहमीसारखे हात वर केले. अवधूत म्हणाला, "बाळा, चालत उतरू. मी शेजारीच आहे." शमिका रुसली, मग कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. पहिल्या मजल्यावरच्या कानडी अक्का कळवळल्या, "अय्यो, उचलून घ्या ना पोरीला!" अवधूत वाकलाच होता. शमिका त्यांचाच कानडी शब्द घालून म्हणाली, "नको अक्का, स्वल्पच राहिलंय." खाली पोचल्यावर तिने बाबाचा हात छातीवर ठेवला. "बघ, किती धडधडतंय!" स्कूलबसने हॉर्न दिला, तरी अवधूतने हात काढला नाही.