कौलाआधीची तारीख

देवीचा कौल. मुंबईकरांची रेल्वेची तिकिटं. जत्रेला किती दिवस उरले ते सांगणारं एक घड्याळ.

देवीने कौल दिल्याशिवाय जत्रा ठरत नाही. पण सुशांतने बनवलेल्या गावच्या वेबसाइटवर, ती चालवणाऱ्या स्क्रिप्टने गेल्या वर्षावरून यंदाची तारीख आपणच काढून घड्याळ सुरू केलं.

"मजकूर वेगळो नि स्क्रिप्ट वेगळी ठेव, सांगलेलंय मरे तुका," त्याची बायको समीक्षा म्हणाली.

आता दोन्ही एकमेकांत गुंतली होती. तारीख पुसायला गेलं की अख्खं पान कोरं व्हायचं. तोवर मुंबईकरांनी तिकिटं काढली. देवीपुढे खोटं पडायच्या धास्तीने सुशांत कौलाला गेलाच नाही.

कौल त्याच तारखेचा लागला.

"सुशांताक देवीनच बुद्धी दिल्यान," गाव म्हणालं.

त्या सकाळी, देवीला कौल लावण्याआधी, देवळातल्या बाबू गुरवाने सुशांतला फोन करून विचारलं होतं, "तुझ्या साइटीर तारीख खंयची आसा रे?"