शेवटची मूठ

माझी धाकटी बहीण चांगुणा हदगावला असायची. ती वारली त्याच्या थोडं आधी तिने मला एक व्हिडिओ पाठवला. त्या ॲपवरचं सगळं एकदा बघितलं की पुसून जातं, म्हणून नात सुकन्याने माझ्या फोनसमोर आपला फोन धरून तो उतरवून घेतला आणि मला परत पाठवला. "घे आज्जी, आता कधीबी बघ."

व्हिडिओत चांगुणा मी लातूरहून पाठवलेली तूरडाळ सुपात निवडत बसली आहे. "आक्का, एवढे खडे? गिरणीवाला झोपून राहिला होता का गं?"

ती गेल्यावर मी रोज दुपारी तेवढंच बघायचे. दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. हळूहळू तिच्या सुपातली डाळ आदल्या दिवसापेक्षा कमी दिसू लागली.

"आज्जी, डोळे दाखवून घे बरं," सुकन्या म्हणाली.

डाळ कमी होतच राहिली. आमच्या आईची रीत होती. दोघी बहिणींनी एकाच सुपात निवडायचं, शेवटची मूठ दुसरीसाठी ठेवायची आणि ती निवडून झाली की दोघींनी बरोबर उठायचं. व्हिडिओत मूठभर डाळ उरली, तेव्हा मी फोन बंद करून कपाटात ठेवला. तिला एवढ्यात उठू द्यायचं नव्हतं मला.

आज मी माझी डाळ सुपात घेतली आणि पाणी प्यायला आत गेले. परत आले तर डाळ निवडलेली होती. खडे डाव्या काठाला होते. चांगुणा डावखुरी.

माझ्या बाजूला मूठभर डाळ तेवढी तशीच ठेवलेली होती.