वाऱ्याने नेलेला तुकडा
"आज पेंबाची बोट नाही गं. वारा बघ की!" कॉफीवाली म्हणाली. "आता उद्या सकाळीच."

झांझिबारच्या धक्क्यावर एकच आरडाओरडा चालला होता. कीदावाला मात्र पेंबा बेटावर आपल्या घरी जायची घाई नव्हती. दोन दिवस गल्ल्या पालथ्या घालूनही तिला हवं ते घर सापडलं नव्हतं. ज्या कामासाठी आली ते न करताच ती निघाली होती.

पिशवी मांडीवर घेऊन ती बसली आणि तिची नजर कॉफीवालीच्या डोक्यावर गेली. लाल-पिवळा कांगा, एक कड तिरकी कापलेली.

"हस, हस. सगळी गल्ली हसते," कॉफीवाली म्हणाली.

कांगा हे बायकांचं वस्त्र नेहमी जोडीने मिळतं. एक डोक्यावर, एक कमरेला. सुटा कोणी विकत नाही. कॉफीवालीचं नाव राया. तिचा खलाशी नवरा मौलिदी याने एकच तुकडा तिच्या हातात ठेवला होता. दुसरा वाऱ्याने नेला, समुद्रात पडला, म्हणाला.

"आणि तुला पटलं?"

"न पटायला काय झालं? माझा माणूस होता तो!"

गिऱ्हाईक ओसरलं तशी रायाने शेगडी विझवली. "इथे बसून बोट येणार आहे का? चल, तुला शहर दाखवते."

बाजाराच्या तोंडाशी रायाने तिला उरोजोचं आंबट-तिखट सार पाजलं. कीदावाच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"पेंबाच्या बायका अगदीच लेच्यापेच्या!" राया म्हणाली. "नवरा काय करतो तुझा?"

"वारला. होता तेव्हाही माझ्याकडे कमीच असायचा."

"मग सुखात होतीस की!"

दोघी भर रस्त्यात खो खो हसल्या. समोरून मासेवाली बिउब्वा ओरडली, "राये, दुसरा तुकडा पोहत आला का गं?"

"आला की तुझ्याच तोंडावर बांधते!"

कीदावा इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी दोघी समुद्राच्या कठड्यावर ऊस चघळत बसल्या. बोलता बोलता रायाचा आवाज खाली आला.

"वर्ष झालं त्याला वारून. बायका म्हणतात, कुठेतरी दुसरी असेल, तुकडा तिच्या अंगावर असेल. मी हसण्यावारी नेते. पण खरं सांगू? त्याच्या त्या शब्दावर मी उभी आहे. तो खोटा निघाला, तर माझा सगळा संसारच खोटा."

कीदावाने पिशवीचा बंद आणखी एकदा आवळला. "कशाला निघेल खोटा?" ती म्हणाली.

ती रायाच्याच घरी झोपली. सकाळी वारा पडला होता. रायाने वाटेसाठी गरम, तळलेली गोड मांदाझी बांधून दिली.

"ती पिशवी कालपासून खाली ठेवली नाहीस बाई. सोनंबिनं आहे की काय?"

"कुठलं सोनं! जुनेर आहे," कीदावा म्हणाली आणि तिला कडकडून भेटली.

किनारा दिसेनासा झाल्यावर कीदावा बोटीच्या कडेला जाऊन उभी राहिली. पिशवीतून तिने लाल-पिवळा तुकडा काढला, त्याची तिरकी कड एकदा बोटांनी चाचपली, आणि तो वाऱ्यावर सोडून मौलिदीचा शब्द खरा केला.