वरमाईचा मान

"खाली उतरा. ही गाडी या रस्त्यावर येणार नाही," पोलीस म्हणाला.

गाडी म्हणजे हॉटेलची गोल्फ कार्ट, कागदी झेंडूच्या माळांनी मढवलेली. तिच्यात नवरदेव सिद्धेश आणि शेजारी त्याची आई, शैलजाबाई. हॉटेल रस्त्याच्या अलीकडे, लग्नाचा हॉल पलीकडे. वरमाईनं कालच बजावलं होतं, मी पायी येणार नाही. म्हणून नवरीच्या बापानं, राजारामरावांनी, ही कार्ट ठरवली. वीस वर्षं न्यू जर्सीत गाडी चालवून, कार्ट रस्त्यावर चालते का, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

"अहो, फक्त ओलांडायचंय," ते काकुळतीनं म्हणाले.

"पंचवीस मैलांच्या स्पीड लिमिटचा रस्ता असता तर बघितलं असतं. इथं चाळीस आहे. कार्ट ओलांडणारसुद्धा नाही. चालत जा, मी ट्रॅफिक थांबवतो."

त्यानं खरंच हात वर केला. वऱ्हाडी भराभर पलीकडे गेले. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा, घड्याळात अकरा वाजून चार. मोटारीनं न्यायचं तर दुभाजकामुळे दोन मैलांचा वळसा. भटजींना साडेबाराला फिलाडेल्फियात दुसरं लग्न लावायचं होतं. व्हिसापायी हे लग्न आधीच दोनदा पुढं गेलेलं. मुहूर्त टळला की आज लग्न टळलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई, उतर ना प्लीज. साठ पावलं आहेत," सिद्धेश म्हणाला.

"वरमाय आहे मी. पायी येणार नाही."

शैलजाबाई समोर बघत होत्या. मांडीवरच्या शालूची घडी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

सिद्धेश चडफडत उतरला आणि पुन्हा पोलिसाची मनधरणी करायला गेला. पलीकडून नवरीचे मामा हातवारे करत होते. नवरी बोहल्यावर, अंतरपाट तयार, आणि इथं ही बाई दगडासारखी बसलेली! राजारामरावांचं डोकं तडकलं. तीन दिवस ते विहीणबाईंचा तोरा सोसत होते. विमानतळावर व्हीलचेअर, ते एक वेळ ठीक. देशातून येणारे सगळेच आईबाप मागतात. पण हॉटेलात चहा खोलीतच हवा. सीमांतपूजनाला पाट चालेना, खुर्ची हवी. मेंदीला सगळ्या बायका नाचल्या, ही जागची हलली नाही. आणि तिचा भाऊ एकनाथ सदैव तिच्या दंडाला धरून, भालदार-चोपदार असल्यासारखा. आता तोही हळदीकुंकवाचं तबक घेऊन आधीच पलीकडे पोचला होता.

अकरा वाजून सात. अडला हरी, गाढवाचे पाय धरी, असं पुटपुटत राजारामराव कार्टपाशी आले. पाय धरायचं मात्र त्यांच्या मनात नव्हतं. आज चार शब्द सुनवायचेच, मग लग्न मोडलं तरी बेहत्तर, असं ठरवूनच ते आत वाकले.

"विहीणबाई, मानाची काही हद्द असते."

शैलजाबाईंनी आधी सिद्धेश कुठं आहे ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "राजारामभाऊ, पाय उचलत नाहीत माझे. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात, आता वाढतच जाणार."

राजारामरावांची नजर त्यांच्या पावलांकडे गेली.

"एकट्या एकनाथला माहीत आहे. सिद्धेशला कळलं तर तो बोहल्यावरून उठून मला नागपूरला घेऊन जाईल. तेवढ्या अक्षता पडू द्या. तोवर मला काय नावं ठेवायची ती ठेवा."

राजारामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सिद्धेश परत आला. त्याचा चेहरा शरमेनं लाल झाला होता.

"तो ऐकत नाहीये. काका, आय ॲम सो सॉरी. आईचं हे मानपानाचं खूळ..."

राजारामरावांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. ते ताठ उभे राहिले आणि पलीकडच्या आपल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "बघत काय राहिलात? वरमाय आहेत त्या! त्यांनी का म्हणून रस्त्यावर पाय टेकवावा? खुर्ची आणा, आणि तिघं जण ती उचलायला या, चौथा मी!"