डोलकाठीवरचा शिकाऊ

होडी किनारा सोडून निघाली तसं डोलकाठीवरच्या यंत्राने रोजच्यासारखं विचारलं, "तांडेल, आज कुठे?"

इंजिनापाशी बसलेल्या मोरेश्वरने वर यंत्राकडे तिरकं पाहिलं. बंदरातल्या प्रत्येक होडीवर आता असं शिकाऊ यंत्र होतं. त्याने तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडून, वारा, चंद्र, भरती-ओहोटी शिकायची आणि पुढे होडी आपणच हाकायची. मोरेश्वरचा बाप, पदमन तांडेल, यंत्राला मायेने सांगू लागला, "आज अष्टमी. भरती लहान, अशा भांगाच्या पाण्याला ओढ नसते, जाळं भरत नाही. खाडीच्या तोंडाशी जाऊ, तिथे थोडी तरी ओढ मिळेल."

लहानपणी मोरेश्वरने निघताना हाच प्रश्न विचारला होता. बापाने फाडकन मुस्काटात मारली आणि होडी माघारी फिरवली. दर्यावर निघालेल्याला कुठे म्हणून विचारू नये, अपशकुन होतो, विचारणाऱ्याला दर्या ओढून नेतो. त्यानंतर मोरेश्वरने काही विचारलं नाही आणि बापानेही काही शिकवलं नाही.

"लवकर शिकतंय हो," पदमन कौतुकाने म्हणाला.

मोरेश्वरला राहवलं नाही. "बा, ह्याने विचारलेलं बरं चालतं तुला."

"चालतं," पदमन म्हणाला. "ते बुडालं तर दुसरं मिळतं."