खाडीचा राजा

"मास्तर, आय लईच भडकली," असं म्हणत हरेश्वर तांडेल गिरगावातल्या त्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकला, आणि चिंतामणीने हातातला कुंचला खाली आपटला.

"अहो, अजून काय करू? तुम्ही म्हणालात म्हणून राजाला सिंहासन दिलं. मुकुट दिला. परवा तर हत्तीवर बसवला!"

"त्या हत्तीपायीच तर मार खाल्ला." हरेश्वरने गाल दाखवला. गाल चांगलाच सुजला होता.

चिंतामणीने कपाळावर हात मारला. सुखाची कारकुनी सोडून त्याने हे दिव्याचं यंत्र घेतलं होतं. काचेवर चित्रं रंगवायची, यंत्रात सरकवायची, आणि पांढऱ्या पडद्यावर ती माणसाएवढी झाली की मोठ्याने गोष्ट सांगायची. माहीमच्या बाजारालगत त्याने तंबू ठोकला होता. गोष्टीचा नायक वज्रवीर. तोंडावर बुरखा, छातीवर गोळी आपटली तर गोळीच चपटी होणार, आणि एका उडीत भायखळ्याहून माहीम गाठणार. लोक वेडे झाले होते. परळ-दादरहून चालत येत होते.

पण नायक कितीही उड्या मारो, त्याला तोडीस तोड दुष्ट हवा. तो चिंतामणीला फुकटात मिळाला. एका सकाळी तो माहीमच्या मासळीबाजारात गेला होता. मोठी टोपली घेऊन हरेश्वर फिरत होता, मागे दोन दांडगे गडी. तो समोर आला की एकेक कोळीण आपल्या टोपलीतला सगळ्यात चांगला मासा मुकाट्याने काढून त्याच्या टोपलीत टाकत होती. मान खाली, तोंडातून अक्षर नाही. एरवी ह्याच बायका गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरतात! चिंतामणीने घरी येऊन तसाच्या तसा हरेश्वर काचेवर उतरवला आणि नाव ठेवलं, खाडीचा राजा.

हरेश्वर पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा चिंतामणीला वाटलं, आता हाडं राहत नाहीत. पण त्या धिप्पाड माणसाचा राग नव्हताच. त्याची तक्रार एवढीच की त्याची आई, राधाबाई, रोज संध्याकाळी पुढच्या चटईवर बसून खेळ बघते आणि घरी गेली की त्याला झोडपते.

"एवढा बाजार तुम्हाला चळाचळा कापतो, आणि तुम्ही आईचा मार खाता?" आज त्याचा सुजलेला गाल बघून चिंतामणीने विचारलंच.

"आय हाय ती," हरेश्वर म्हणाला. मग उठून त्याने धोतर झटकलं. "ह्या शनिवारी तिचं मन भरलं नाय, तर तुजं यंत्र खाडीत जाईल मास्तर. मी नाय टाकणार. पण जाईल."

तो गेला. चिंतामणी यंत्राकडे बघत बसला. त्याचं जे काही होतं ते सगळं त्या पितळी नळीत आणि भिंगात होतं. ते बुडालं तर पुन्हा साहेबापुढे मान खाली घालून उभं राहायचं.

मग त्याने नीट विचार केला. मुकुट दिला, म्हातारी चिडली. हत्ती दिला, जास्त चिडली. म्हणजे लेकाचा मोठेपणा तिला नको होता. अरे, सरळ आहे! बिचारीला लेकाच्या पापाची लाज वाटत असणार. शेवटी आई ती आईच.

म्हणजे राजाला सुधारायला हवं. चिंतामणी चरफडतच बसला आणि काचा रंगवल्या. खलनायकच साधू झाला, तर वज्रवीराने काय गवत उपटायचं? इतकी रंगलेली गोष्ट मातीत घालायची, तीही एका म्हातारीसाठी! त्याने स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि राजाच्या डोळ्यांत अश्रू काढले.

शनिवारी तंबूत मुंगीला शिरायला जागा नव्हती. राधाबाई पुढच्या चटईवर होती. पडद्यावर खाडीच्या राजाने सगळे मासे परत केले. एकेका कोळणीच्या पाया पडला. वज्रवीराने त्याला पोटाशी धरला. चिंतामणीने आवाजात असा काही कढ आणला की मागे कुणीतरी मुसमुसलं.

राधाबाई उठली आणि यंत्राकडे चालू लागली. काटकुळी, कमरेत जराशी वाकलेली. मागोमाग हरेश्वर, खाली मान घालून.

चिंतामणीने हात जोडले. "आजी, आता तरी समाधान झालं ना? सुधारला तुमचा लेक."

"बाजार ह्याचा हाय, ह्ये कुनी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? मी डोळ्यांनी पाहिलं. हेच तर टोपली घेऊन..."

"टोपली उचलाया गडी लागतो," राधाबाई म्हणाली.

चिंतामणीला काही सुधरेना. त्याने मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं. तंबूतल्या कोळणी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी म्हातारीला ऐसपैस वाट करून दिली होती. एकीचीही मान वर नव्हती, आणि एकीच्याही तोंडातून अक्षर निघत नव्हतं. हरेश्वरकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

"गिरगावकर ना तू? तुला कसं ठावं असंल," राधाबाई शांतपणे म्हणाली. "दर्यावर बाप्ये जातात. बाजार बाईचा. तिथं बाप्याला कोन एक बोंबील तरी दील? आनि तू गावभर ह्याला राजा करून ठेवलास. आता ह्यो पन मिशीला पीळ द्याया लागला."

तिने यंत्रावर हात ठेवला. चिंतामणीने पितळी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"उद्या खेळ परत लाव. मासं परत द्यायचं नाय," ती म्हणाली. "आनि त्या राजाला लुगडं नेसव."