बाहेरचा सदस्य

देवेंद्रकुमारांनी सहीसाठी पेन उघडलं, तेवढ्यात रुपाबाई ऑफिसात शिरली. कॉलेजच्या प्राणीगृहाची झाडलोट आणि चारापाणी तिच्याकडं.

"शेटजी, आज तरी आत येऊन पाहा."

देवेंद्रकुमार कारंजा गावातले धान्याचे व्यापारी, गोरक्षण संस्थेचे विश्वस्त. मुंगीलाही न दुखवणारा माणूस म्हणून फार्मसी कॉलेजनं त्यांना प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या देखरेख समितीवर बाहेरचा सदस्य नेमलं. गोम नेमकी तिथंच होती. पिंजऱ्यातले जीव त्यांना पाहवत नसत. सहा वर्षांत त्यांनी प्राणीगृहाचा उंबरा ओलांडला नव्हता. दर तीन महिन्यांनी यायचं, ऑफिसातच बसायचं, बाटलीतलं उकळलेलं पाणी प्यायचं आणि 'प्राणी सुस्थितीत' या छापील ओळीखाली सही करायची.

"माह्याच्यानं पाहवत नाही, बाई," ते म्हणाले. "काही असंल तं शिवम सरले सांग. प्राणीगृह त्याईच्याच ताब्यात हाये."

"त्याईलेच सांगू? सशांच्या खोलीतला कूलर त्याईनंच आपल्या केबिनीत नेला. तक्रारवही बी त्याईच्याच टेबलावर राह्यते."

"मंग प्राचार्यांकडं जायचं."

"गेली होती. ते म्हंतात, सरच्या सहीनं पाठव."

कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडं? देवेंद्रकुमारांनी पेन बंद केलं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"ऑफिसात सारेच बसले राह्यतात, शेटजी. नोकरी जाईन माही." रुपाबाई पदराचं टोक पिळत होती. "मागच्या खेपेस तुमी आले तवा मी तिकडं प्राणीगृहाच्या दारातच उभी होती. म्हटलं, शेटजी आत आले का दाखवू. तुमी इथूनच परतले. मंग मी खिडक्याईले ओले पोते बांधले. घंट्याघंट्यानं भिजवले. पन या वर्षीचं ऊन..."

देवेंद्रकुमारांना स्वतःची लाज वाटली. जीव दुखावलेला पाहायला नको म्हणून ते दूर राहिले होते. त्या दूर राहण्यालाच ते दया समजत आले होते.

ते उठले. आवार ओलांडून तिच्या मागोमाग प्राणीगृहापाशी गेले. सशांच्या खोलीच्या दाराशी थांबून त्यांनी देवळात शिरावं तसा चपलेतून पाय काढला.

"राहू द्या चपला, शेटजी," रुपाबाई कडी काढत म्हणाली. "आत आता कोनी नाही."